बंदुकीचे कायदे कडक केले की गुन्हे खरंच कमी होतात का? ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धंच

जगात कुठेही मोठा गोळीबार झाला की सोशल मीडियावर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरायला लागतात. पहिली पोस्ट म्हणते, "ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये लोकांकडून बंदुका काढून घेतल्या आणि तिथले गोळीबार थांबले. विषय संपला." दुसरी म्हणते, "शिकागोमध्येही कायदे कडकच आहेत. तिथे काय झालं? गुन्हेगार काय परवाना काढून गुन्हा करतो का?"

दोन्ही पोस्ट वाचताना पटतात. दोन्हींमध्ये थोडं खरं आहे आणि दोन्हींमध्ये बरंच काही गाळलेलं आहे.

त्यात १४ डिसेंबर २०२५ ला सिडनीच्या बॉन्डाय बीचवर ज्यू समाजाचा हनुका सणाचा कार्यक्रम सुरू असताना गोळीबार झाला. १५ लोकांचा जीव गेला. हल्लेखोर बाप-लेक होते आणि बापाकडे बंदुकीचा रीतसर परवाना होता. त्याच्या नावावर सहा बंदुकांची नोंद होती. म्हणजे ज्या देशाचं उदाहरण तीस वर्षं जगभर दिलं जातं, त्याच देशात कायदेशीर बंदुकांनी हे घडलं. लगेच प्रश्न आला की मग तो प्रसिद्ध कायदा फसला का?

उत्तर द्यायचं तर आधी तो कायदा नेमका काय होता, त्याने काय साधलं आणि काय साधलं नाही, हे बघावं लागेल.

१९९६ मध्ये नेमकं काय झालं होतं?

तारीख होती २८ एप्रिल १९९६, वार रविवार. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट-राज्य आहे. तिथलं पोर्ट आर्थर म्हणजे ब्रिटिशांच्या काळातली कैद्यांची जुनी वसाहत. आता ते पर्यटनाचं ठिकाण आहे. त्या दिवशी तिथल्या कॅफेत पर्यटक जेवत असताना एका २८ वर्षांच्या तरुणाने सेमी-ऑटोमॅटिक रायफलने गोळीबार सुरू केला. दिवसभरात ३५ लोक मारले गेले.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, तर प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागत नाही. घोडा दाबला की गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप जागेवर येते. त्यामुळे काही सेकंदांत अनेकांना लक्ष्य करता येतं. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

तेव्हा जॉन हॉवर्ड यांना पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ते उजव्या विचारांच्या आघाडीचे नेते. त्या आघाडीचा एक मोठा आधार म्हणजे ग्रामीण भागातला शेतकरी मतदार, ज्याच्या घरी बंदूक असणं अगदी साधी गोष्ट होती. शिवाय ऑस्ट्रेलियात बंदुकीचा कायदा हा राज्यांचा विषय आहे. केंद्र सरकार एकट्याने काही करू शकत नव्हतं.

तरीही घटनेनंतर बारा दिवसांत, १० मे १९९६ ला केंद्र आणि सगळ्या राज्यांचे मंत्री एका करारावर सहमत झाले. त्याचं नाव नॅशनल फायरआर्म्स ॲग्रीमेंट. विरोध तुफान झाला. जूनमध्ये हॉवर्ड व्हिक्टोरिया राज्यातल्या एका गावात बंदूकधारकांच्या सभेत बोलायला गेले, तेव्हा त्यांनी कोटाच्या आत बुलेटप्रूफ जॅकेट घातलं होतं. तो फोटो तिथे आजही छापला जातो. ते जॅकेट घातल्याचा आपल्याला पश्चात्ताप झाला, असं हॉवर्ड यांनी पुढे सांगितलं.

त्या करारात काय होतं?

सोशल मीडियावर "बंदुका काढून घेतल्या" एवढंच सांगितलं जातं. प्रत्यक्षात हे अनेक नियमांचं एक गाठोडं होतं.

पहिलं, बहुतांश सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि पंप-ॲक्शन शॉटगनवर सामान्य नागरिकांसाठी बंदी आली.

दुसरं, ज्यांच्याकडे अशा बंदुका होत्या त्या सरकारने पैसे देऊन परत घेतल्या. यासाठी आरोग्याकरिता आकारल्या जाणाऱ्या मेडिकेअर कराचा दर एका वर्षापुरता १.५ टक्क्यांवरून १.७ टक्के केला गेला. वर्षभरात साधारण साडेसहा लाख बंदुका जमा झाल्या आणि त्या नष्ट केल्या गेल्या. देशातल्या एकूण बंदुकांपैकी हा अंदाजे पाचवा हिस्सा होता.

तिसरं, बंदूक हवी असेल तर 'खरं कारण' दाखवणं बंधनकारक झालं. शेती, शिकार, नेमबाजीचा क्लब ही कारणं चालतील, पण 'स्वतःच्या संरक्षणासाठी' हे कारण चालणार नाही, असं स्पष्ट ठरलं.

चौथं, प्रत्येक बंदुकीची नोंदणी, खरेदीआधी २८ दिवस थांबणं, आणि घरात बंदूक कुलपात ठेवण्याचे नियम आले.

थोडक्यात, सगळ्या बंदुकांवर बंदी आली नव्हती. कोणती बंदूक, कुणाच्या हातात, कशासाठी आणि कशी ठेवलेली, यावर हे नियम होते.

मग परिणाम काय झाला?

इथूनच वादाला सुरुवात होते. तीन गोष्टी वेगवेगळ्या बघूया.

सामूहिक गोळीबार. एका घटनेत पाच किंवा अधिक लोक मारले गेले, अशी व्याख्या धरली तर १९९६ पर्यंतच्या १८ वर्षांत ऑस्ट्रेलियात अशा १३ घटना झाल्या होत्या. करारानंतर २२ वर्षं एकही झाली नाही. २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑस्मिंग्टन इथे एका कुटुंबातल्या सात जणांचा मृत्यू झाला, तेव्हा हा खंड संपला.

आत्महत्या. बंदुकीने होणारे मृत्यू म्हटलं की आपल्याला गँगवॉर आठवतं. पण ऑस्ट्रेलियात अशा मृत्यूंमध्ये बहुतांश मृत्यू आत्महत्येचे होते. अँड्र्यू ली आणि क्रिस्टीन नील या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये राज्यवार अभ्यास केला. ज्या राज्यांत लोकसंख्येच्या मानाने जास्त बंदुका परत आल्या, तिथे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या जास्त घटल्या, असं त्यांना दिसलं. या बायबॅकमुळे अशा आत्महत्यांचा दर जवळपास ८० टक्क्यांनी घटला, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या बदल्यात दुसऱ्या मार्गांनी होणाऱ्या आत्महत्या वाढल्या, असं ठोसपणे दिसलं नाही.

खून. बंदुकीने होणारे खूनही कमी झाले. पण ते कायद्यामुळे कमी झाले का, यावर मात्र अभ्यासकांमध्ये एकमत नाही.

एकाच आकडेवारीवरून दोन निष्कर्ष कसे निघतात?

कारण बंदुकीने होणारे मृत्यू १९९६ च्या आधीपासूनच कमी होत होते.

सायमन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानुसार १९७९ ते १९९६ या काळात बंदुकीच्या मृत्यूंचा दर वर्षाला सरासरी ३ टक्क्यांनी घटत होता. करारानंतर तो ४.९ टक्क्यांनी घटू लागला. म्हणजे घसरण होतीच, तिचा वेग वाढला. हे कायद्याच्या बाजूने जाणारं आहे.

पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे. करारानंतरच्या काळात बंदुकीशिवाय होणारे खून आणि आत्महत्याही घटू लागल्या. बंदुकीचा कायदा सुऱ्याने होणारा खून कसा कमी करेल? म्हणजे समाजात आणखी काहीतरी बदलत होतं. म्हणूनच मृत्यूंमधली घट नक्की कायद्यामुळेच झाली असं ठामपणे सांगता येत नाही, असं या अभ्यासकांनीच लिहिलं. चॅपमन हे स्वतः बंदूक नियंत्रणाच्या चळवळीतले कार्यकर्ते होते, हे लक्षात घेतलं तर या कबुलीचं वजन कळतं.

दुसऱ्या बाजूला जीनीन बेकर आणि समारा मॅकफेड्रन यांनी २००७ मध्ये अभ्यास केला. खुनांची घसरण जुन्याच गतीने चालू राहिली, कायद्याने त्यात वेगळा फरक पडला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. या दोघी नेमबाजांच्या संघटनांशी जोडलेल्या होत्या. दोन्ही बाजूंचे अभ्यासक असे कुठल्यातरी भूमिकेतून आलेले असतात. त्यामुळे त्यांचा अभ्यास आपोआप चुकीचा ठरत नाही, पण वाचताना हे माहीत असलेलं बरं.

२०११ मध्ये बेकर आणि मॅकफेड्रन यांनी आणखी एक मुद्दा मांडला. शेजारच्या न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियासारखी बंदी आणली नव्हती, तरी १९९७ नंतर तिथेही सामूहिक गोळीबार झाला नव्हता. म्हणजे ऑस्ट्रेलियातली शांतता बंदीमुळेच आली, असं कसं म्हणायचं? हा युक्तिवाद तेव्हा बिनतोड वाटत होता.

मग १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च इथे दोन मशिदींवर हल्ला झाला. ५१ लोक मारले गेले. हल्लेखोराने सेमी-ऑटोमॅटिक बंदुका परवान्यावर विकत घेतल्या होत्या. योगायोग म्हणजे तो हल्लेखोर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पुढच्याच महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतांश सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घातली.

यातून एक गोष्ट लक्षात येते. सामूहिक गोळीबार ही क्वचित होणारी घटना आहे. अशा घटनांवरून 'इतकी वर्षं काही झालं नाही' हा पुरावा दोन्ही बाजूंना वापरता येतो आणि एका दिवसात तो पुसलाही जाऊ शकतो.

अमेरिकेत हा वाद इतका का पेटतो?

स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत. म्हणजे दर १०० माणसांमागे १२०. माणसांपेक्षा बंदुका जास्त. त्यात १७९१ पासून राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दल बोलते. २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा व्यक्तीचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं आणि २०२२ मध्ये घराबाहेर बंदूक बाळगण्यापर्यंत तो वाढवला.

गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाने जे केलं त्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकेने उलट दिशेने एक पाऊल टाकलं. घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका वाढतो, असं सांगणारा एक अभ्यास १९९३ मध्ये आला होता. त्याला सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा निधी होता. बंदूक समर्थक संतापले. खासदार जे डिकी यांनी एक तरतूद आणली, की सीडीसीचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही. कागदावर संशोधनाला बंदी नव्हती. पण संस्थेने धसका घेतला आणि या विषयावरचं सरकारी पैशातलं संशोधन वीसहून जास्त वर्षं जवळजवळ ठप्प झालं. डिकी यांनी पुढे याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २०१९ च्या अखेरीस संसदेने पुन्हा स्वतंत्र निधी मंजूर केला.

म्हणजे "पुरावा कुठे आहे?" असं जेव्हा विचारलं जातं, तेव्हा पुरावा गोळा करायलाच बराच काळ पैसा नव्हता, हेही उत्तराचा भाग आहे.

'जास्त बंदुका म्हणजे कमी गुन्हे' हे खरं आहे का?

हा दावा अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ च्या पुस्तकात मांडला. समोरच्याकडे बंदूक असू शकते ही भीती असेल तर गुन्हेगार मागे सरेल, असा तर्क. त्यांनी सामान्य माणसाला बंदूक लपवून बाळगू देणाऱ्या राज्यांची आकडेवारी दिली होती.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. १९९३ नंतर अमेरिकेत बंदुकांची संख्या वाढत असतानाही बंदुकीने होणाऱ्या खुनांचा दर जवळपास निम्म्यावर आला होता. 'बंदुका वाढल्या की खून वाढणारच' एवढं सरळ गणित असतं, तर असं झालं नसतं.

पण २००४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सगळे अभ्यास तपासले आणि लॉट यांच्या दाव्याला पुरेसा आधार नाही, असं सांगितलं. २०१९ मध्ये जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी जास्त वर्षांची आकडेवारी घेतली, तर चित्र उलटं दिसलं. असे कायदे आल्यानंतर दहा वर्षांनी त्या राज्यांमध्ये हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त होते.

'गुन्हेगार कुठे परवाना काढतो?'

नियंत्रणाच्या विरोधातला हा सगळ्यात दमदार प्रश्न आहे. त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

आधी शिकागो. तिथे कायदे अमेरिकेच्या मानाने कडक आहेत आणि हिंसाचारही आहे, हे खरं. पण शहर प्रशासनाच्या २०१७ च्या अहवालानुसार गुन्ह्यांत सापडलेल्या ज्या बंदुकांचा माग लागला, त्यातल्या साधारण ६० टक्के इलिनॉय राज्याच्या बाहेर विकल्या गेल्या होत्या. सगळ्यात जास्त, सुमारे २१ टक्के, शेजारच्या इंडियाना राज्यातून आल्या होत्या. तिथले नियम बरेच सैल आहेत आणि शिकागोतून इंडियानाची हद्द गाडीने फार लांब नाही.

म्हणजे गुन्हेगार परवाना काढत नाही हे बरोबर. पण त्याच्या हातातली बंदूक बहुतेक वेळा कुठल्यातरी दुकानात आधी कायदेशीरच विकली गेलेली असते. ती तिथून त्याच्या हातात कशी पोचते, हा कायद्याचा प्रश्न आहे. एका शहराने दार लावलं आणि शेजाऱ्याचं उघडं असेल, तर दार लावूनही उपयोग होत नाही.

याचा पुरावा दोन राज्यांत मिळतो. कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूल घेण्याआधी पोलिसांकडून परमिट काढणं सक्तीचं केलं. मिसुरीने अशीच जुनी सक्ती २००७ मध्ये रद्द केली. अभ्यासकांना कनेक्टिकटमध्ये बंदुकीने होणारे खून अपेक्षेपेक्षा कमी झालेले दिसले, तर मिसुरीत ते साधारण एक चतुर्थांशाने वाढलेले दिसले. नेमके किती टक्के, यावर अभ्यासांमध्ये फरक आहे, पण दिशा तीच आहे.

याउलट १९९४ ते २००४ या दहा वर्षांत अमेरिकेत 'असॉल्ट वेपन्स'वर जी बंदी होती, तिचा एकूण गुन्ह्यांवर फारसा परिणाम दिसला नाही. कारण साधं आहे. अशा रायफली एकूण गुन्ह्यांत फार कमी वापरल्या जातात. बहुतेक गुन्हे पिस्तुलाने होतात. शिवाय आधी विकलेल्या रायफली लोकांकडेच राहू दिल्या होत्या.

दोन्ही बंदुकीचेच कायदे, पण परिणाम वेगळा. म्हणून 'बंदुकीचे कायदे' असं एकत्र बोलण्यात फार अर्थ नाही.

आत्महत्येचा मुद्दा वगळला की अर्धं चित्र जातं

२०२३ मध्ये अमेरिकेत ४६,७२८ लोक बंदुकीने मेले. त्यातले सुमारे २७,३०० मृत्यू आत्महत्येचे होते आणि १७,९२७ खून. म्हणजे गुन्ह्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. पण वाद गुन्ह्यावरच होतो.

ज्याला जीव द्यायचाच आहे तो कसाही देईल, असं आपण सहज म्हणतो. अभ्यास तसं सांगत नाहीत. अनेकदा ती वेळ काही मिनिटांची असते. हाताशी बंदूक असेल तर त्या मिनिटांतून माणूस परत येत नाही.

इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये एक साधा बदल केला. शुक्रवार-शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीला घरी जाताना सैनिकांनी बंदूक तळावरच ठेवायची. तरुण सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. आठवड्यातल्या इतर दिवसांत फारसा फरक नव्हता. ना बंदुका कमी झाल्या, ना सैनिक बदलले. बदललं ते फक्त दोन दिवसांचं अंतर.

अमेरिकेत लहान मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून ती कुलपात ठेवायला लावणारे कायदे आहेत. रँड या संस्थेने शेकडो अभ्यास चाळले, तेव्हा ज्या थोड्या कायद्यांबद्दल ठोस पुरावा सापडला त्यात हे कायदे वरच्या क्रमांकावर होते.

(तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाला अशा विचारांनी घेरलं असेल तर १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.)

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही. २०१९ मध्ये एका माणसाकडे असू शकणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोन केली आणि बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली. कागदावर हा कायदा अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक आहे.

पण स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या त्याच अंदाजात भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी बंदुका होत्या आणि त्यातल्या नोंदणी असलेल्या एक कोटीहूनही कमी. बंदुकीने होणाऱ्या खुनांमध्येही बहुतांश वेळा बिनपरवाना हत्यार असतं. शिकागोला जसं इंडियाना, तसं महाराष्ट्राला उमर्टी. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेल्या या गावातून आलेले गावठी कट्टे पुण्यापर्यंत पोलिसांनी पकडले आहेत. फरक एवढाच, की शिकागोतली बंदूक दुकानातून निघालेली असते आणि कट्टा भट्टीतून. म्हणून परवान्याचे नियम आणखी कडक केले तरी कट्टा थांबत नाही. त्याला वेगळा उपाय लागतो.

परवान्याची बाजूही सरळ नाही. ऑस्ट्रेलियात 'स्वसंरक्षण' हे कारण चालत नाही. आपल्याकडे परवान्यासाठी तेच मुख्य कारण दिलं जातं. २०२४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात बाराशेच्या आसपास शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं आणि एवढ्या लोकांच्या जिवाला खरंच धोका आहे का, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. त्यातले अनेक परवाने नंतर प्रशासनाने रद्द केले. कायदा तोच होता. प्रश्न सही कुणी आणि कशी केली हा होता.

मग बॉन्डायमध्ये कायदा फसला का?

१९९६ च्या करारातलं एक महत्त्वाचं काम अर्धवट राहिलं होतं. बंदुकांची नोंद प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने ठेवत राहिलं. देशभराची एकच सांधलेली नोंदवही करायचा निर्णय व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला आणि ती पूर्ण करायची मुदत २०२८ ची. दरम्यान देशातल्या बंदुकांची संख्या पुन्हा वाढून ४० लाखांवर गेली. म्हणजे १९९६ च्या आधीपेक्षाही जास्त. लोकसंख्या वाढल्यामुळे दरडोई प्रमाण अजून तेव्हापेक्षा कमी आहे, पण थोड्या लोकांकडे अनेक बंदुका जमत गेल्या.

ब्रिटनमध्येही असंच काहीसं घडलं. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेन इथल्या शाळेत १६ मुलं आणि एक शिक्षिका मारली गेली. टेनिसपटू अँडी मरे तेव्हा त्याच शाळेत शिकत होता. १९९७ मध्ये पिस्तुलांवर बंदी आली. नंतरची काही वर्षं पिस्तुलाचे गुन्हे उलट वाढले आणि मग घटले. पण २०२१ मध्ये प्लिमथ इथे एका तरुणाने पाच जणांना गोळ्या घातल्या, त्याची शॉटगन आणि परवाना पोलिसांनी आधी एका मारहाणीनंतर काढून घेतला होता आणि घटनेच्या महिनाभर आधी परत दिला होता.

बॉन्डाय आणि प्लिमथ या दोन्ही ठिकाणी परवान्याची अट होती. परवाना एकदा दिल्यावर त्या माणसाकडे आणि त्याच्या घरात कोण आहे याकडे पुन्हा कधी आणि किती बारकाईने बघायचं, हा प्रश्न मात्र उरला होता. बॉन्डायनंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पुन्हा बायबॅकची घोषणा केली आणि न्यू साउथ वेल्स राज्याने एका माणसाकडे किती बंदुका असाव्यात यावर मर्यादा घालणारा कायदा केला.

थोडक्यात काय?

पुढच्या वेळी या विषयावरचा एखादा आलेख किंवा फॉरवर्ड आला तर तीन गोष्टी बघा.

एक, कोणत्या कायद्याबद्दल बोलणं चाललंय? परमिट, कुलूप, बंदी की बायबॅक? प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे.

दोन, 'गुन्हा' म्हणजे काय मोजलंय? खून, सामूहिक गोळीबार, दरोडे की आत्महत्या? ऑस्ट्रेलियात सगळ्यात ठळक फरक आत्महत्यांमध्ये दिसतो आणि खुनांवरचा वाद आजही चालू आहे.

तीन, आलेख कुठल्या वर्षापासून सुरू होतो? ऑस्ट्रेलियाचा आलेख १९९६ पासून काढला तर घट कायद्याची वाटते. १९७९ पासून काढला तर घट आधीच चालू होती हे दिसतं. ब्रिटनचा २००२ ला थांबवला तर बंदी फसली असं वाटतं.

१९९६ च्या कायद्याने ऑस्ट्रेलियातला सगळा गुन्हा संपवला नाही आणि तसा त्याचा दावाही नव्हता. ज्या बंदुकीने पोर्ट आर्थरमध्ये ३५ लोक मारले गेले, तशी बंदूक दुकानातून सहज मिळू नये, एवढं त्याला करायचं होतं. बावीस वर्षं बऱ्याच प्रमाणात ते जमलं. पुढचं काम परवाने पुन्हा पुन्हा तपासण्याचं आणि नोंदी एकत्र ठेवण्याचं होतं. ते रेंगाळलं.